ड्रेसरकाका आणि भुऱ्याची दाढ

ड्रेसरकाकांनी पहिल्याच भेटीत माझ्या गुडघ्यावर शिंग मारलं. म्हशीचं शिंग, वीतभर लांब, वाळवून घासून गुळगुळीत केलेलं. मीच ते गोंदियातल्या एका दुकानातून आणलं होतं, आमच्या भुऱ्याला चघळायला. दुकानदार म्हणाला होता, "मॅडम, ये चबाएगा तो दाँत एकदम चकाचक!" पाकीट घेऊन मी फुलचूरच्या आमच्या गल्लीत वळले, तर ओट्यावर बसलेले एक म्हातारे गृहस्थ उठून आले. "पाहू जी, काय आणलं?" म्हणाले, पाकीट फोडलं, शिंग आधी स्वतःच्या गुडघ्यावर ठोकलं आणि मग सरळ माझ्या. मी कळवळले. "लागलं ना?" ते म्हणाले. "तुमच्या गुडघ्याले लागलं, मंग कुत्र्याच्या दाताले लागत नसन का?"

आता मी पडले मास्तरीण. वीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसऱ्यांना शिकवण्यात गेली. मला कोणी शिकवलेलं खपत नाही. त्यातून भर गल्लीत, गुडघ्यावर! "कुत्र्याचे दात हाडं फोडायलाच असतात, आजोबा," असं ठणकावून मी घरी आले आणि हट्टाने त्याच संध्याकाळी भुऱ्यापुढे शिंग टाकलं. त्याला काय, त्याने शेपटी हलवून कुडुमकुडुम सुरू केलं.

भुऱ्या म्हणजे माझ्या बाबांचा कुत्रा. बाबा गेले, गावातलं घर बंद झालं आणि तांबूस अंगाचा हा गडी माझ्याकडे आला. नवरा नोकरीनिमित्त रायपूरला, मुलगी नागपूरला शिकायला. घरात मी आणि भुऱ्या. अजूनही गल्लीत कोणी म्हातारं माणूस खोकलं की हा उठून दारापर्यंत जातो, वास घेतो आणि परत येऊन बसतो. मला ते बघवत नाही. म्हणून मग लाड, म्हणून शिंगं, हाडं, आणि ऑनलाइन मागवलेलं, कुत्र्यांनी चघळायचं ते दगडासारखं चीजसुद्धा.

ते गृहस्थ जनावरांच्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले ड्रेसर, हे मला नंतर कळलं. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, जनावर धरून ठेवणं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. गल्लीतले लोक त्यांना कौतुकाने डॉक्टर म्हणायचे, ते त्यांना मुळीच आवडत नसे. "मी डाक्टर नोहो जी, ड्रेसर आहो. डाक्टर सुई मारते, मी जनावर धरतो. धरणाऱ्याले तोंड जवळून दिसते." कुठलंही कुत्रं समोर आलं की काका आधी त्याच्याशी दोन गोष्टी बोलणार, मग अंगठ्याने हळूच ओठ वर उचलणार आणि नाक पुढे करून वास घेणार. मालकाचं नाव विचारायचं राहून गेलं तरी चालेल, कुत्र्याच्या हिरड्या बघायच्या राहणार नाहीत.

शेजारच्या गल्लीत एकांचं लॅब्राडॉर होतं. त्याच्या दातांवर पिवळं किटण आणि तोंडाला असा वास, की विचारू नका. मालक म्हणाले, "कुत्र्याच्या तोंडाला वास येणारच ना?" काका शांतपणे म्हणाले, "तुमी दोन महिने दात नका घासू, मंग मी तुमचं तोंड पाहतो." त्याच बैठकीत त्यांनी मऊ सुती फडकं ओलं करून बोटाला गुंडाळलं आणि दात कसे पुसायचे ते दाखवलं. माणसाची पेस्ट लावायची नाही, रोज थोडं थोडं पुसायचं. चघळायला काय द्यावं याचाही त्यांचा एक नियम होता. "नख रोवून पाहा. रुतलं तं देजा, नाई रुतलं तं फेकजा."

आणि हे सगळं सांगणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या तोंडात मोजून पाच-सहा दात! आमच्याकडच्या खर्ऱ्याने खाल्ले. सुपारी आणि तंबाखू चोळलेली ती पुडी काकांनी चाळीस वर्षं गालात ठेवली होती. एकदा मी टोमणा मारलाच, "काका, आधी स्वतःचं तोंड बघा की." तर बोळकं उघडून खदखदून हसले. "माहे गेले म्हणून तं सांगून राहिलो, बाई! ज्याचे बत्तीस शाबूत आहेत, त्याले काय माहीत?" अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

पण शिंगाचा हट्ट मी सोडला नव्हता. काकांच्या नजरेआड, मागच्या अंगणात भुऱ्याचा तो कार्यक्रम चालूच होता.

गेल्या दिवाळीच्या सुटीत भुऱ्याला घेऊन मी अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या शेतावर गेले. धान कापणीला आलं होतं. भुऱ्या बांधाबांधाने मनसोक्त हुंदडला. परत आलो आणि चार दिवसांत त्याच्या उजव्या डोळ्याखाली सूज आली. आता धानाच्या मुलखात, कापणीच्या दिवसांत डोळा सुजला तर कोणी दुसरा विचार करतं का? कुसळ गेलं! बैलांच्या डोळ्यात जातं, कापणाऱ्या बायांच्या डोळ्यात जातं. मी म्हटलं कुसळ, शेजारीण म्हणाली कुसळ, फोनवर गावाकडचा चुलतभाऊ म्हणाला कुसळच. मी उकळून गार केलेल्या पाण्याने डोळा धुतला, भुऱ्याला दवाखान्यात नेलं, थेंब घातले, गोळ्या दिल्या. सूज उतरली. मी सुटले म्हटलं, तर पंधरवड्याने पुन्हा तीच सूज, तिथेच, आधीपेक्षा मोठी.

या खेपेला दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि म्हणाले, गाठ असू शकते, नागपूरला नेऊन तपासून घ्या. त्यांना दोष देत नाही. मीच कुसळ-कुसळ करत गेले, मीच डोळा पुढे केला. तोंड दाखवायचं माझ्या मनातही आलं नाही. गाठ हा शब्द ऐकला आणि मला बाबा आठवले. बाबांनाही गाठच झाली होती. भुऱ्या एका बाजूने सावकाश खायचा, भाकरीचा तुकडा खाली पाडायचा, आणि मी समजायचे, हाही आता चालला.

नागपूरला निघायच्या आदल्या सकाळी मी काकांच्या ओट्यापाशी गेले. कशाला गेले, माझं मला माहीत नव्हतं. काकांनी भुऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवते कोन्या बाजूनं?"

"डाव्या."

"कवापासून?"

ते मला सांगता येईना. काकांनी गुडघे टेकले, भुऱ्याच्या कानामागे खाजवलं, वास घेतला आणि उजवा ओठ वर उचलला. "या, पाहा." वरच्या जबड्यातली सगळ्यात मोठी दाढ. तिच्या बाहेरच्या अंगाचा एक पापुद्रा उभा निघून गेला होता, आत तपकिरी ठिपका दिसत होता आणि वरची हिरडी लालभडक.

मला रडू फुटलं.

"कायले रडून राहिल्या, बाई? डोरा बेस आहे त्याचा," काका म्हणाले. "दाढ फुटली. तिचं मूळ डोऱ्याखालीच असते. तिथं पू झाला. औषधानं सुकते, अन् पुन्हा भरते. दाढ काढली की झालं."

"गाठ नाही?"

"मी डाक्टर नोहो. फोटोत दिसन. पर मले तं दाढच दिसून राहिली."

काका तसेच, पायात चप्पल अडकवून आमच्याबरोबर दवाखान्यात आले. तिथे मात्र ते पुढे-पुढे झाले नाहीत. कोपऱ्यात उभं राहून एवढंच म्हणाले, "साहेब, जरा वरची दाढ पाहता का?" डॉक्टरांनी ओठ उचलला आणि मोकळेपणाने म्हणाले, "अरे, हे तर मी पाहिलंच नव्हतं." एक्स-रे निघाला. मुळाशी पूच होता, गाठबिठ काही नव्हती. दुसऱ्या दिवशी भूल देऊन दाढ काढली. काकांनी भुऱ्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. मी बाहेर बाकावर बसून देवाचं नाव घेत होते. काका बाहेर आले, म्हणाले, "झालं जी," आणि मी आत धावले. आठवडाभरात सूज गेली ती गेलीच. महिन्याभरात भुऱ्या दोन्ही बाजूंनी खाऊ लागला, आणि भाकरी दुधात भिजवली नाही तरी चालेल असं त्यानेच मला कळवलं, माझी पोळी पळवून!

पण मला खरी धास्ती होती ती दुसऱ्याच गोष्टीची. दाढ फुटली ती माझ्या शिंगाने, हे मला माहीत होतं आणि फुटलेली दाढ पाहून काकांनीही ओळखलं होतं. आता म्हणतील, मग म्हणतील, म्हणून मी रोज जीव मुठीत धरून त्यांच्या ओट्यावरून जायचे. ते विचारायचे, "जेवला का गडी?" बस्स.

यंदा उन्हाळा लागता लागता काका अर्जुनी मोरगावला मुलीकडे कायमचे राहायला गेले. मी भुऱ्याला घेऊन स्टेशनवर गेले होते. गाडी यायला वेळ होता, आणि मला राहवेना. म्हटलं, "काका, तुम्ही मला आधी बजावलं होतं. मी ऐकलं नाही. दाढ गेल्यावर तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, सांगितलं होतं ना म्हणून."

काका भुऱ्याचा कान चोळत होते. म्हणाले, "म्हटलं असतं, तं पुढच्या वेळेस त्याले घेऊन तुमी आल्या असत्या का माह्याकडं?"

नसते आले. मी माझा स्वभाव ओळखून आहे. सात जन्मांत आले नसते.

गाडी गेली. सोमवारी शाळेत एक मुलगी तिसऱ्यांदा चुकलेलं गणित घेऊन, वही छातीशी धरून माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "सांगितलं होतं ना" माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, "दाखव बाळा, कुठे अडलं?"

तिने वही पुढे केली.