विश्वनाथनं धरून ठेवलेली जागा

त्या गुरुवारी सकाळी साडेआठला अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडून एक रडवेला आवाज म्हणाला, "काका, बाबा गेले." मी फोन कापला. हल्ली असे फोन येतात. कुणाचा अपघात झालाय, कुणाला पोलिसांनी धरलंय, असं सांगून रडून दाखवतात आणि मग हळूच ओटीपी मागतात. आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत या विषयावर व्याख्यान झालं होतं, आणि पहिल्या रांगेत बसून मी टिपणं काढली होती. फोन पुन्हा आला, मी पुन्हा कापला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी दरडावलं, बाबा म्हणजे कोण, नाव सांगा, राहता कुठं ते सांगा. मग तो आवाज म्हणाला, "काका, मी अमोल. कुरुळीहून. विश्वनाथ सोनकांबळेंचा अमोल... माझा फोन बंद पडलाय, शेजाऱ्यांच्या फोनवरून बोलतोय." माझ्या सगळ्यात जुन्या मित्राच्या मरणाची बातमीसुद्धा मी अशी ओळख पटवून, तिसऱ्या खेपेला घेतली. याला आता सात आठवडे झाले. अजून मला त्याची लाज वाटते.

संशय हा माझा स्वभाव की माझी नोकरी, हे माझ्या बायकोलाही कधी ठरवता आलं नाही. भोसरीच्या एका कंपनीत मी क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. शिफ्ट सुरू झाली की ऑपरेटर मशीनवरून पहिला पीस काढतो, इन्स्पेक्टरच्या टेबलावर आणून ठेवतो आणि ओके मिळेपर्यंत उभा राहतो. ओके मिळाल्याशिवाय दुसरा पीस काढायचा नाही, असा नियम. विश्वनाथची माझी ओळख त्या टेबलावरची. लातूरकडचा, सातवीपर्यंत शिकलेला, लेथवर हात इतका बसलेला की त्याचा पीस नापास झाल्याचं मला आठवत नाही. तरी मी तो तीनतीनदा मोजायचो. बाकीचे ऑपरेटर माझ्या नावानं बोटं मोडायचे. हा मात्र शांतपणे उभा राहून म्हणायचा, "मोजा साहेब, मोजा. घाई न्हाई." हा आपल्याला चिडवतोय, असं मला पहिले सहा महिने वाटत होतं. मग हळूहळू कळलं की हा माणूसच तसा आहे, आणि साहेबाचं 'माने' झालं, मान्याचं 'गड्या' झालं.

आमच्या वेलफेअर कमिटीचे सेक्रेटरी मोठे हौशी होते. पुण्यातल्या कुठल्याशा क्लबातून ते परदेशी सिनेमांची रिळं आणायचे आणि कॅन्टीनच्या हॉलमध्ये पांढरी चादर ताणून गुरुवारी दाखवायचे. गुरुवारीच, कारण आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. बाकीचं जग रविवारी पाय पसरतं, आमची एमआयडीसी गुरुवारी. पहिल्या पंधरा मिनिटांत अर्धा हॉल रिकामा व्हायचा. पडद्यावर कुणी नाचत नाही, भाषा कळत नाही, खाली इंग्रजी ओळी धावतायत... कोण बसणार? विश्वनाथ बसायचा. त्याचं इंग्रजी ड्रॉइंगवरच्या आकड्यांपुरतं. एकदा त्यानं मला कोपरानं ढोसलं आणि विचारलं, "ती बाई काय म्हणायलीय?" मी खालची ओळ वाचून त्याच्या कानात मराठीत सांगितली. मग पुढची, मग त्याच्या पुढची. त्या दिवसापासून तो लवकर जाऊन शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवायला लागला, एसटीत जागा धरायला टाकतात तसा. निळ्या चौकड्यांचा रुमाल, त्याला कायम कटिंग ऑइलचा वास. मी येऊन बसलो की रुमाल उचलायचा आणि कान माझ्याकडे करायचा. आठ-नऊ वर्षं मी त्याला असे सिनेमे वाचून दाखवले. एखादी ओळ भर्रकन निघून गेली तर मी मनानंच काहीतरी जुळवून सांगायचो. ते त्याला लगेच कळायचं. "हे तू घातलंस," तो पडद्यावरची नजर न हलवता म्हणायचा. तिथं नापास करायची पाळी त्याची असायची, आणि दरवेळी त्याचंच बरोबर असायचं.

पुढं कंपनी बंद झाली. चादर, रिळं, सेक्रेटरी, सगळं पांगलं. विश्वनाथ चाकणला दुसऱ्या कंपनीत लागला आणि कुरुळीत दोन खोल्या बांधून राहिला. मी मुलाबरोबर सोसायटीत आलो, आठव्या मजल्यावर. वर्षातून चार-सहा भेटी व्हायच्या. एरवी त्याचे मेसेज यायचे, तेही लिहिलेले नाहीत, बोललेले. अर्ध्या मेसेजमध्ये पाठीमागून घराजवळच्या नाशिक रस्त्यावरचे ट्रक ऐकू यायचे. 'लिही की रे कधी,' असं मी त्याला गमतीनं म्हणायचो. त्यावर तो नुसता हसायचा.

गेल्या दिवाळीनंतर पिंपरीत, ऐन बाजारात, बंद पडलेल्या एका फर्निचरच्या शोरूममध्ये नवं थिएटर निघालं. नव्वद खुर्च्या. मोठ्या नटनट्यांचे सिनेमे नाहीत. देशोदेशीचे, नुसते बघत बसायचे, आमच्या कॅन्टीनमध्ये लागायचे तसले. वाकडच्या एका आयटीतल्या जोडप्यानं नोकऱ्या सोडून ते काढलं होतं. मी पेपरात वाचलं आणि मला काही ते पटलं नाही. पिंपरीच्या बाजारात, जिथं पाय ठेवायला जागा नाही, तिथं नव्वद खुर्च्या मांडून हे असले सिनेमे कोण दाखवेल? मुलगा म्हणाला, हौस असते बाबा एकेकाची. मी म्हटलं, हौस असली तर माणूस घरात कुंड्या लावतो. यात काहीतरी आहे. जागा धरून ठेवायची, चार दिवस कलेचं नाव करायचं, मग पाडून टॉवर उभा करायचा. मी शेजारच्या सोसायटीतल्या एका वकिलाला विचारून पाहिलं, तोही म्हणाला, असू शकतं. वकील याहून वेगळं काय म्हणणार, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

आणि या थिएटरात विश्वनाथ जायला लागला. कुरुळीहून भोसरी, भोसरीहून पिंपरी, दोन बसा बदलून. एवढंच नाही, तर पहिल्याच भेटीत त्यानं त्या जोडप्यातल्या बाईंना, मृण्मयी त्यांचं नाव, सांगितलं की तुम्ही शनिवार-रविवार धरून बसलात, पण इथला कामगार गुरुवारी मोकळा असतो. त्यांना हे ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या आठवड्यापासून गुरुवारी अकराचा शो लागला. विश्वनाथनं हे मला मोठ्या आनंदानं सांगितलं आणि म्हणाला, तू ये. माझा संशय मात्र दुप्पट झाला. एका रिटायर झालेल्या लेथ ऑपरेटरच्या सांगण्यावरून कुणी शो बदलतं का? त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंय, हे मला स्पष्ट दिसत होतं. दर बुधवारी संध्याकाळी त्याचा मेसेज यायचा, "उद्या अकराला हाय. जागा धरतो. ये." मी कधी गुडघे दुखतात म्हणायचो, कधी बँकेत काम आहे. खरं कारण होतं ते एवढंच की मला फसायचं नव्हतं.

शेवटी एका गुरुवारी मी गेलो. आत नाही, समोरच्या चहाच्या टपरीवर. तिथून आत जाणारी माणसं मोजली. अकरा. परत मोजली, अकराच. दोन तासांनी शो सुटला तेव्हा मृण्मयीबाईंनी विश्वनाथला पोस्टरखाली उभं केलं आणि त्याचा फोटो काढला. झालं, मला हवा तो पुरावा मिळाला. मी तरातरा रस्ता ओलांडला, त्याला बाजूला घेतलं आणि सुनावलं. म्हटलं, "शोभेला ठेवलाय तुला. कामगार म्हणून फोटोत उभा करतात. उद्या इथं टॉवर झाला की तुला ओळखही देणार नाहीत." तो हातातल्या रुमालाची घडी घालत होता. तोच निळा चौकड्यांचा, किंवा त्याच्यासारखा दुसरा. ती त्यानं नीट घालून घेतली. मग म्हणाला, "मग आत येऊन तपास की, गड्या. तू तपासल्याबिगर ओके देत न्हाईस, हे मला काय ठावं न्हाई? पर कवापसून पहिला पीस घेऊन हुबा हाय मी तुझ्या टेबलापाशी." मला वाटलं, चारचौघांत टोमणा मारतोय. मी म्हटलं, "माझा वेळ घालवू नकोस." आणि रिक्षा करून निघून आलो. त्याला बसस्टॉपपर्यंत सोडतो, असंही म्हटलं नाही.

त्यानंतरही बुधवारचे मेसेज येत राहिले. सहा आले. मी उत्तर दिलं नाही. सातव्या आठवड्यात बुधवारी मेसेज आला नाही, तेव्हा मला आधी बरं वाटलं, बघा, शेवटी आलं याच्या लक्षात. दुसऱ्या दिवशी सकाळी अमोलचा फोन आला. आदल्या दुपारी छातीत दुखायला लागलं होतं, पहाटे सगळं संपलं.

कुरुळीला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. मांडवात बुद्धवंदना झाली, कंपनीतल्या जुन्या दोघा-तिघांनी आठवणी सांगितल्या. मला बोला म्हणाले, मी हात जोडले. जेवणाच्या पंगती लागत होत्या तेव्हा मृण्मयीबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुम्हीच माने काका ना? वाचणारे?" हिला माझं नाव कसं माहीत, हा पहिला विचार माझ्या मनात आला. खोटं कशाला सांगू... मी त्यांना सरळ विचारलं, कसले वाचणारे? मग त्यांनी सांगितलं. विश्वनाथ दर गुरुवारी शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकायचा. खुर्च्यांना नंबर आहेत, रुमालाची गरज नाही, असं सांगून पाहिलं, तरी टाकायचाच. सिनेमे परदेशी, खालच्या ओळी इंग्रजी. याला त्या वाचता येत नाहीत हे चार-पाच आठवड्यांनी मृण्मयीबाईंच्या लक्षात आलं. त्या म्हणाल्या, काका, मी शेजारी बसून सांगत जाते. तर तो म्हणाला होता, "नको पोरी. माझा वाचणारा येणार हाय. जरा संशयी हाय, टाइम लागंल."

सात महिने तो दोन बसा बदलून यायचा आणि एक अक्षर न कळता अख्खा सिनेमा बघायचा. इतक्या मेसेजांत त्यानं एकदाही सांगितलं नाही की गड्या, मला त्या ओळी वाचता येत नाहीत, तू ये. आणि मला, जन्मभर दुसऱ्याच्या कामातली खोट काढण्यासाठी पगार घेतलेल्या माणसाला, हे सुचलं नाही. थिएटरवाल्यांचा हेतू, जागेचा भाव, फोटो, सगळं मी तपासलं. मित्र मला का बोलावतोय, तेवढं सोडून.

मृण्मयीबाई जाता जाता म्हणाल्या, शेवटच्या गुरुवारी ते रुमाल न्यायला विसरले. मागून तिसऱ्या रांगेत आहे, आम्ही तो उचललेला नाही. हे सांगून मला तिकडे ओढायचा बेत असेल, असं घरी येताना बसमध्ये वाटून गेलंच. सवय जात नाही. पण पुढच्या गुरुवारी साडेदहाला मी तिथं हजर झालो. आत गेल्यावर आधी आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख पाहिली, पुढच्या वर्षाची होती. बाहेर पडायचं दार उघडून पाहिलं, उघडत होतं. मग मागून तिसऱ्या रांगेत गेलो. रुमाल खरंच होता. चौकड्या विटलेल्या, चार घड्या. त्याच्या डावीकडची खुर्ची रिकामी होती, ती विश्वनाथची. मी रुमाल उचलला आणि त्याच्या खुर्चीवर ठेवला, आणि त्यानं माझ्यासाठी धरलेल्या जागेवर बसलो.

दिवे गेले. कुठल्याशा थंड देशातला सिनेमा होता, एक म्हातारी दार उघडून कुणाला तरी आत बोलावत होती. खाली ओळ आली. मी डावीकडे कललो आणि हलक्या आवाजात वाचली, मराठीत. मग पुढची. पुढच्या रांगेतल्या एका पोरीनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी थांबलो. तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं. वळून पाहिलं तर त्याच्या अंगावर कंपनीचा शर्ट होता, बहुतेक रात्रपाळी करून तसाच आला असावा. म्हणाला, "काका, जरा मोठ्यानं वाचा की. आमाला बी कळंना झालंय." मी मोठ्यानं वाचायला लागलो. मध्येच दोन माणसं एकदम भांडायला लागली, ओळी भराभर आल्या, त्यातली एक निसटली. मी मनानंच काहीतरी जुळवून सांगितलं, आणि जुन्या सवयीनं पुढची ओळ न वाचता थांबलो... शेजारून कुणी काही म्हणालं नाही.