माझ्या गावची नर्स

धानोऱ्याकडच्या आमच्या गावातून बैलगाडी निघाली तेव्हा मी रडले नाही. आई गाडीमागून चालत एकच सांगत होती, "शिक अन् इथीच ये. आपल्या बायाले पाहाले कोनी नाई." मी नागपूरला नर्सिंग शिकायला चालले होते, ते परत येण्यासाठीच. आई नाल्यापर्यंत आली आणि तिथून परतली.

शिक्षण संपलं आणि मला नागपूरच्याच इस्पितळात ठेवून घेतलं. माझ्या गावच्या नव्या दवाखान्यात पाठवली कोकणातली नर्स, मालती! तिला मोहाचं झाड कुठलं अन् टेंभुर्णीचं कुठलं, हेही कळत नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा. गावाहून कुणी आलं की तिचंच कौतुक. आई तर तिला "आमची बाई" म्हणू लागली. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी एवढ्या मोठ्या वॉर्डात, डोक्यावर कडक कॅप, पण डॉक्टरांच्या सहीशिवाय साधं इंजेक्शन द्यायची सोय नाही. आणि ती तिकडे अख्ख्या गावाची डॉक्टरीण. माझ्यासारखे जे गाव सोडून आलेत त्यांना विचारते, आपण निघालो की मागे आपली जागा रिकामीच राहावी, असं तुम्हालाही वाटतं ना?

मग माझी धाकटी बहीण रमा बाळंतपणाला माहेरी आली. मूल झालं, पण मागची वार पोटातच अडकली आणि रक्त थांबेना. अशा वेळी नर्सनं हात घालायचा नाही, डॉक्टरांना बोलवायचं, हा नियम आमच्याकडून घोकून घेतलेला. डॉक्टर गडचिरोलीला, मधल्या नाल्यांना पूर. मालतीनं स्वतःच हात घालून वार काढली. रमा वाचली. डॉक्टरांना कळलं, त्यांनी वर कळवलं. चांद्याहून आरोग्य खात्याचे साहेब चौकशीला आले तेव्हा मी रजेवर घरीच होते.

साहेब अंगणात खाटेवर बसले, मालती समोर उभी. खोटं कशाला सांगू, मला आतून गुदगुल्या होत होत्या. हिची बदली झाली की जागा माझीच.

"तू शिकलेली हायेस," आई मला म्हणाली. "साहेबाले सांग नं."

साहेबांनी मला विचारलं, "नर्सला हे करायची परवानगी आहे का?"

"नाही."

"तुम्ही केलं असतं?"

रमा दारात लेकराला घेऊन बसली होती. मला तिच्याकडे बघवेना.

"नसतं केलं, साहेब," मी म्हणाले. "मी नियमानं डॉक्टरांची वाट पाहिली असती. अन् माझी बहीण आज इथी बसली नसती."

मालतीला ताकीद मिळाली, बदली झाली नाही. मी नागपूरला परतले.

आजही गावाहून कुणी तिचं नाव काढलं की मी जळते. पण तिची बदली होणार, अशी नुसती आवई उठली तरी मी साहेबांना अर्ज लिहायला बसते, हिला हलवू नका म्हणून. माझं घर आता तिच्या हाती आहे.