उत्तर उद्या द्यायचं

कसारा घाट उतरून एसटी शहापुरात शिरली, तरी माझं तोंड चालूच होतं. शेजारच्या बाईंना माझ्या संस्थेचा सगळा इतिहास सांगून झाला होता. नाशिकला मी महिला गटांचं काम करते, त्यामुळे बोलणं हाच माझा धंदा. आणि निघाले होते ऐकायला शिकायला! आमच्यासारखीच एक छोटी संस्था इथल्या पाड्यांवर (वस्त्यांवर) बालवाड्या चालवते. काम अडलं की ही मंडळी त्यातून कशी शिकतात, ते मला पाहायचं होतं.

संस्थेच्या प्रमुख सुनंदाताई स्टँडवर जीप घेऊन आल्या होत्या. मागे वैशाली बसली होती, मुरबाडकडच्या एका पाड्यावरची बालवाडीची ताई, रोज शहापुरातून जाऊन-येऊन करणारी. तिच्याकडे मुलं यायची थांबली होती आणि तिने नोकरी सोडायचं ठरवलं होतं.

"मी नको झालेय त्यांना," ती म्हणाली. चेहरा एवढासा झाला होता.

"सोड हवं तर. पण आधी विचारून येऊ," सुनंदाताई म्हणाल्या आणि मला त्यांची रीत सांगितली. ज्यांच्यासाठी काम, त्यांच्या घरी जाऊन बसायचं. जिचं काम, तिनेच विचारायचं. आणि जे कानावर पडेल त्याला त्या दिवशी उत्तर द्यायचं नाही. खुलासा नाही, आश्वासनही नाही.

"एवढंच?" मी म्हटलं. ताई नुसत्या हसल्या.

किन्हवली मागे पडली. भात केव्हाच कापून झालं होतं आणि जमिनीतल्या ओलीवर वाल हिरवागार वाढला होता. पाड्याच्या तोंडाशी रस्त्यालगत बालवाडीची नवी खोली मी जीपमधूनच पाहिली. पाड्यावर मंजुळाबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांची दोन्ही मुलं बालवाडीतली. त्यांनी आधी चहा दिला.

"पोरं का येत नाय, वहिनी?" वैशालीने विचारलं.

"ती रस्त्यावरची नवी खोली..."

"अहो, पण किती छान आहे खोली! फरशी, पंखा..." मी बोलून गेले.

"हां, बरी हाय," म्हणून मंजुळाबाई गप्प झाल्या. माझ्यावर कुणी रागावलं नाही, तेच जास्त लागलं. आता जीभ चावून काय उपयोग?

वैशालीने सूप पुढे ओढलं आणि तीही शेंगा सोलायला लागली. सूप अर्धं भरलं. मग मंजुळाबाई शेंगांकडे बघतच म्हणाल्या, "तिथं दार लावता तुमी."

रस्त्यावर गाड्या असतात, दार लावावंच लागतं. वैशालीचे ओठ हलले आणि मिटले.

"आमच्या जावेच्या पडवीत बालवाडी भरायची, तवा शेतावर तुझं गानं आयकू यायचं गो. आमी पन कापनी करता करता म्हनायचो. आता दाराआड पोर रडतं का हसतं, काय समजत नाय. तुझ्याबिगर आमालाच करमत नाय."

वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. 'उद्यापासून पडवीतच' हे तिच्या अगदी ओठांवर होतं, मला दिसत होतं. ती एवढंच म्हणाली, "आयकलं, वहिनी."

तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं खाल्ल्याशिवाय मंजुळाबाईंनी उठू दिलं नाही. परतताना एका आंब्याखाली जीप थांबली. तिथे प्रत्येकीने ऐकलेलं मंजुळाबाईंच्याच शब्दांत सांगायचं होतं. मी सुरुवात केली, "मला असं वाटतं..."

"वाटलेलं नको, ऐकलेलं सांगा," ताई म्हणाल्या. लगेच 'हो' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मी विचारलं. "आपण लगेच 'हो' म्हटलं की समोरचं माणूस तिथंच थांबतं. दाराचं ऐकूनच 'उघडं ठेवू' म्हटलं असतं, तर 'करमत नाय' हे राहूनच गेलं असतं."

शहापुरात उतरताना वैशाली म्हणाली, "ताई, उद्या पहिल्या गाडीने जाते. आधी वहिनींच्या जावेला विचारीन, मग पडवी झाडायची आहे."

परतीच्या एसटीत मला फार भरून आलं. आपण नकोसे झालो असं समजून माणूस निघून जातो, आणि तिकडे कुणाला त्याच्यावाचून करमत नसतं. मंजुळाबाईंना अजून काहीच ठाऊक नव्हतं. उद्या सकाळी वालात वाकलेल्या असताना त्यांना त्यांचं उत्तर ऐकू येणार होतं.