धोतऱ्याचा संशय

माझं लग्न होऊन मी जळगावहून धुळ्याजवळच्या एका खेड्यात आले, त्याला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा माझ्या सासूबाई पहिल्यांदा पडल्या. दुसरी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. माझे वडील शाळामास्तर. मला लिहिता-वाचता येत होतं आणि अहिराणी नीट बोलता येत नव्हती. एवढ्यावरूनच सासरी माझ्याकडे जरा लांबून बघत.

सासूबाईंचं वय पन्नाशीच्या आत. अंगानं काटक. कापूस वेचायला उतरल्या की मजूर बायकांना मागे टाकायच्या. त्या दिवशी अंगणातून ओट्यावर चढताना त्यांचा पाय पायरीच्या बाजूला पडला. उठल्या, लुगडं झटकलं, मलाच म्हणाल्या, "पायरी कोनी सरकाडी?" मी हसले. त्या हसल्या नाहीत.

पंधरा दिवसांत चाल बिघडली. पाय फाकवून, भिंतीला हात लावत चालायच्या. भाकरीचा तुकडा तोंडाकडे नेताना हात हेलकावे खायचा आणि घास गालाला लागायचा. मग जीभ जड झाली. शब्द तुटक, ओढल्यासारखे यायचे. विहिरीवर एक बाई दुसरीला म्हणाली, "म्हतारी मव्हानी दारू पेस वाटस." मी दोराशी उभी होते, मला ऐकू जाईल असंच ती बोलली. जिनं उभ्या जन्मात दारूचा थेंब चाखला नाही, तिच्याविषयी गावानं असं ठरवून टाकलं. सासूबाईंच्या कानावर ते गेलं. त्यांनी दारात बसणं सोडलं.

घरात मात्र कुणाला दारूचा संशय नव्हता. घरात संशय होता तो धोतऱ्याचा. गोठ्यामागे धोतरा माजलेला होता. त्याचं बी पोटात गेलं की माणूस झोकांड्या खातो, बरळतो, हे पोरासोरांनाही ठाऊक. आणि चुलीपुढे कोण? मी.

तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. एके दुपारी मी ताट पुढे ठेवलं, तर सासूबाईंनी ते परत माझ्याकडे सरकवलं. "यामां काय शे?"

"उडदाची डाळ, आत्याबाई."

"पहिले तू खाय."

मी त्यांच्या ताटातून खाल्लं. त्या माझ्या गळ्याकडे बघत होत्या, घास खाली उतरतो की नाही ते. त्यानंतर रोज असंच. पण त्याहून लागलं ते नवऱ्याचं बोलणं. मी शेतात भाकरी घेऊन गेले होते. बांधावर बसून, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तू तिले काही दिधं नई ना?" मी नाही म्हणाले. ते मान हलवून जेवले. पण त्यांनी विचारलं होतं.

आपल्यावर संशय आला की आपणही इतरांवर घ्यायला लागतो. मी काही दिलं नव्हतं, म्हणजे दुसऱ्या कुणी दिलं असणार. घरात तिसरी बाई माझी थोरली जाऊ. तिला मी अक्का म्हणायची. सासूबाई गेल्या की घर तिच्या हातात येणार. मी तिच्यावर नजर ठेवू लागले. ती सासूबाईंना ताक का देते, देताना पाठ का करते. एकदा ती नदीवर गेली असताना मी तिच्या कोनाड्यात हात घातला. फडक्याची पुरचुंडी होती. आत चपटं, पिवळसर बी. धोतऱ्याचंच, मला वाटलं. चिमूटभर बी काढून मी पदराच्या गाठीला बांधलं.

शेवटी आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, दमणी जुंपली आणि सासूबाईंना धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. अक्का आणि मी दोघी बरोबर. एकीनं एक दंड धरला होता, दुसरीनं दुसरा.

डॉक्टर तरुण होता, पण घाई करत नव्हता. त्यानं सासूबाईंना स्वतःच्या नाकाला आणि मग त्याच्या बोटाला हात लावायला सांगितलं. हात दर वेळी भलतीकडे जायचा. डोळे एका बाजूला नेले की बुबुळं थरथरायची. ते चाललं असताना मला राहवलं नाही. अक्का बाहेर पाणी आणायला गेलेली बघून मी पदराची गाठ सोडली. "डॉक्टर, हे धोतऱ्याचं आहे का?"

त्यानं बी तळहातावर घेऊन निरखलं. एक दाताखाली धरलं आणि लगेच थुंकला. "मिरचीचं आहे. चावून बघा." मी चावलं. जीभ पेटली.

"आणि धोतऱ्यानं डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात," तो म्हणाला, "यांच्या नाहीत. त्याचा अंमल दोन-चार दिवसांत उतरतो. यांचं दोन महिने वाढतंच आहे. यांना कुणी काही दिलेलं नाही."

अक्का दारात तांब्या घेऊन उभी होती. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. "हाई ते मनं बी शे. तुनाजोडे कसं उनं?"

मी उरलेलं बी तिच्यापुढे धरलं. कुठून आलं, ते तिला न सांगताच कळलं. बी परत घेत ती म्हणाली, "मी बी तुनं पीठ रोज हुंगस."

डॉक्टरनं डोक्याच्या मागच्या बाजूला हात लावून सांगितलं की तिथे लहान मेंदू असतो, तोल तो सांभाळतो, आणि बिघाड तिथे आहे. पण का बिघडला, ते त्याला पडताळायचं होतं. त्यानं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. पडद्याआड तपासून त्या बाहेर आल्या. छातीत एक गाठ होती आणि काखेतही लहानशी. सासूबाईंनी ती वर्षभर चोळीखाली लपवली होती. आम्ही दोघी त्यांना रोज आंघोळ घालत होतो, पण चोळी त्या पाठ करून, चाचपडत का होईना, स्वतःच बदलायच्या.

आबा भडकले. "पाय डुगडुगतस, आनि तुम्ही काखमां काय दखतस?"

डॉक्टर म्हणाला, "आबा, मी खात्रीनं सांगू शकत नाही. अशी गाठ आणि असा तोल जाणं एकाच माणसात मी पूर्वी एकदा पाहिलंय. परदेशातही कुणाकुणाला असं आढळल्याचं ऐकलंय. ती गाठ मेंदूत गेलेली नसते, तरी मेंदू बिघडतो. कसा, ते मला माहीत नाही. गाठ काढावी असं मला वाटतं. गेलेला तोल परत येईल असं वचन देत नाही."

आबांना वाटलं, याला कापायला माणूस हवाय. ते दमणीकडे निघाले. तेव्हा सासूबाई बोलल्या. एकेक शब्द ओढत. "कापा. जीव मना शे."

गाठ काढली. सासूबाई पुन्हा चालल्या नाहीत, पण दुखणं होतं तिथेच थांबलं. जीभही त्याहून जड झाली नाही. साडेतीन वर्षं त्या ओट्यावर टेकून बसून घर चालवत राहिल्या. मी भरवायची. दवाखान्यातून आल्यावर पहिल्याच दिवशी मी सवयीनं आधी स्वतः घास घेतला, तर त्यांनी माझं मनगट पकडायचा प्रयत्न केला. दोनदा हुकलं, तिसऱ्यांदा सापडलं. "नको," एवढंच म्हणाल्या.

मग काखेत पुन्हा गाठ आली आणि त्या गेल्या. गावात अजून दोन-चार घरं होती जिथे धोतऱ्याचंच बोललं जायचं. माझी मुलगी चालायला लागली, तेव्हा एका म्हातारीनं तिला माझ्या हातचा लाडू खाऊ दिला नाही.

माझी नात आता डॉक्टरकी शिकते. तिनं मला समजावलं. शरीर त्या गाठीशी लढायला जे सैन्य उभं करतं, त्याला गाठीतल्यासारखंच काहीतरी लहान मेंदूत दिसतं, आणि ते तिथेही तुटून पडतं. आता म्हणे रक्तातून ते ओळखता येतं, आणि असा झपाट्यानं तोल गेला की डॉक्टर लपलेली गाठही शोधतात. धुळ्याच्या त्या तरुण डॉक्टरचा अंदाज बरोबर होता. त्याची बदली झाली, नंतर कधी भेटला नाही.

मी सगळं ऐकून घेतलं आणि तिला विचारलं, "म्हणजे कुणीच काही दिलं नव्हतं?"

"नाही गं आजी. कुणीच नाही."

मी तिला पुन्हा एकदा विचारलं.