राहिले दोन तास दहा मिनिटं

आधीच सांगते, असल्या गोष्टींना हसणाऱ्यांपैकी मी आहे. ग्रुपवर कुणी अनुभव टाकला की पहिली खोचक कमेंट माझीच असते. त्यामुळे आता तुम्ही हसलात तरी चालेल...

मी लंडनला नोकरी करते. माहेर उत्तनजवळचं चौक गाव. बाबा मासेमारीच्या बोटीवर तांडेल होते — बोट त्यांच्या शब्दावर चालायची, आणि घरही! गेल्या वर्षी धाकट्या भावाचा फोन आला, "ताई, बाबांना भाईंदरला अ‍ॅडमिट केलंय. डॉक्टर म्हनतात, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या." माझ्या तोंडून निघून गेलं, "किती राहिलंय?" तो म्हणाला, "तू फक्त निघ."

लंडन ते मुंबई सात हजार दोनशे किलोमीटर, साधारण नऊ तास. सीट मिळाली मधली. खिडकीशी भाईंदरच्याच जेसल पार्कचे एक गुजराती काका, दुसऱ्या बाजूला गाढ झोपलेली एक बाई. समोरच्या स्क्रीनवर नकाशा लावून मी उरलेला वेळ बघत बसले. सकाळचा नाश्ता झाला, ट्रे उचलून नेले. मुंबईला दोन तास दहा मिनिटं.

बराच वेळ गेला... तरी दोन तास दहा मिनिटंच. वाटलं, स्क्रीन हँग झाली. एअर होस्टेसने रीसेट करून दिली, तरी पुन्हा तेच. काकांच्या स्क्रीनवर वाकून पाहिलं, तिथेही तेच!

"अंकल, ये अटक गया है क्या?"

"नहीं बेटा, चल तो रहा है. अभी डेढ घंटा बचा है."

त्यांनी आकड्यावर बोट ठेवून दाखवलं. मला दोन तास दहा मिनिटंच दिसत होतं.

उठावं तर बाई हलेना. पट्टा सोडला तरी श्वास मोकळा होईना. बाबा तिकडे चाललेत आणि मी इथे हवेत अडकलेय, या विचाराने ओरडावंसं वाटत होतं. काकांना, होस्टेसला, स्वतःला एकच विचारत होते — किती राहिलं?

आणि एकदम बाबा आठवले. आठवले फक्त, आवाज वगैरे ऐकू आला नाही. लहानपणी बोटीत हेच विचारलं म्हणून माझ्यावर डाफरले होते, "दर्यात किती राह्यलं इचारायचा न्हाय! बोट जाग्यावर ऱ्हाते. इचारलंस ना, आता कान धर नि पाठ फिरवून बस."

म्हटलं, करून बघू. कान धरले. मधल्या सीटवर पाठ फिरवून बसायची कसरत बघून काका चाट पडले. मी डोळे मिटून बसले, ते थेट "बेटा, बेल्ट लगाओ, उतर रहे हैं" ऐकू येईपर्यंत.

विमान वेळेवर उतरलं. फक्त माझं मनगटी घड्याळ, जे निघतानाच भारताच्या वेळेवर लावलं होतं, ते तीन तास पुढे होतं. नंतर घड्याळवाल्याने उघडून पाहिलं, त्यात काहीही बिघाड नव्हता.

दुपारी हॉस्पिटलमध्ये पोचले. बाबांनी डोळे उघडले. "आलीस गो? काय खाल्लंस का?" एवढंच बोलले आणि माझा हात धरून ठेवला. संध्याकाळी गेले.

टेन्शनमुळे झालं असेल, असं नवरा म्हणतो. मला ते पटत नाही, आणि दुसरं काही सुचतही नाही. तेव्हा त्या सीटवर जीव नुसता गुदमरत होता. आता वाटतं, तो आकडा तसाच अडकून राहायला हवा होता. मी विमानात... आणि बाबा तिकडे, माझी वाट बघत, जिवंत.