मिसरीचं बोट

आमच्या घरात सकाळी चहाच्या आधी मिसरी लागते. परसदारच्या पायरीवर आई आणि वहिनी शेजारी शेजारी बसतात आणि दातांवरून बोट फिरवता फिरवता अख्ख्या गल्लीची खबरबात घेतात. तंबाखू तव्यावर भाजायचा दिवस असला की मांजरसुद्धा शिंकत बाहेर पळतं. भाऊ फौजेत, त्यामुळे या दोघींना आवरायला घरात मी एकटी, आणि मला विचारतंय कोण?

वहिनीला सहावा महिना लागला होता. मी कऱ्हाडला झेब्रा माशांवर संशोधन करते आणि सुट्टीला इस्लामपूरजवळच्या आमच्या घरी येऊन मिसरीवर भाषण देते. वहिनी म्हणायची, "आवं वन्सं, न्हाई लावली की लय मळमळतंय." आई तर पुराव्यानिशी बोलायची. "तू पोटात हुतीस तवा मी काय सोडली व्हती? झालीसच की शानी." आता आपणच पुरावा म्हणून उभं राहिल्यावर वाद काय घालणार, कपाळ!

एका रविवारी मी माशांची अंडी घरी आणली. हेतू काही शुद्ध नव्हता. मला नुसते मासे बघायचा पगार मिळतो, असं गावभर झालं होतं, ते खोडून काढायचं होतं. काचेच्या बशीत पाणी, पाण्यात राईएवढी, एक दिवसाची अंडी. सकाळी पायरीवरच मोबाईलला भिंग लावून दाखवलं. आरपार दिसणाऱ्या कवचात मुटकुळं करून पडलेलं पिल्लू, आणि मधूनच त्याच्या शेपटीला एक हिसका.

"आगं बया, हलतंय की!" वहिनी पोट सावरत वाकली.

मी फुलले. सांगितलं, याचा मेंदू अजून धड झालेला नाही, पण मज्जातंतू स्नायूला 'हल' म्हणायला शिकलाय. तो निरोप नेतं अॅसिटिलकोलीन. तुमच्या-माझ्या अंगातही तेच, वहिनीच्या पोटातल्या बाळातही तेच.

"येवढं मोठं नाव आन काम निरोप्याचं?" आई म्हणाली. "आन ह्यो का गं गप?" म्हणत तिने बोट दाखवलं. दाखवलं म्हणजे बशीत बुडवलं. मिसरीचं!

पाणी तपकिरी झालं. मी किंचाळले. तेवढ्यात मोबाईलमध्ये बघते तर सगळी पिल्लं एकदम वळवळायला लागली, वरातीत बँड सुरू झाल्यासारखी.

"बघ, आवडली त्यास्नी!" आई खूश. वहिनी हसून हसून भिंतीला टेकली. मलाही हसू आवरेना. पण सांगावं तर लागणार होतं. तंबाखूतलं निकोटीन त्या निरोप्याचं सोंग घेतं, म्हटलं. खरा कोण, खोटा कोण, हे पिल्लाला कळत नाही. ते हलत राहतं, आणि मग त्याला खराही निरोप ऐकू येईनासा होतो.

मी बोलत होते तोवर हिसके कमी झाले. मग थांबलेच.

"मेली?" वहिनीने विचारलं.

"नाही. गप झालीत." माशावरून माणसाचं लगेच काही सांगता येत नाही, असंही मी म्हणाले. शास्त्राला धरून बोलायची माझी खोड. कुणाचं लक्ष नव्हतं.

आई बशीकडेच बघत होती. "तुझं बी आसंच व्हायचं," ती हळूच म्हणाली. "सकाळी मिसरी लावली की पोटात गप पडायचीस. मला वाटायचं, निजलीस."

हा वाद मला कधीपासून जिंकायचा होता, आणि आता तो नकोसा झाला. मी तिला बिलगून बसले. "मला काही झालं नाही गं," म्हटलं. वहिनी उठून मोरीत गेली. तिच्या चुळा भरण्याचा आवाज येत राहिला, थांबेचना.

आईने मिसरीची डबी माझ्या हातात कोंबली.

"उद्या ती मागंल," ती म्हणाली. "मी बी मागीन. शिव्या दीन, रडीन. दोघींस्नी बी देऊ नगंस."