चूक हवी होती

छापखान्यात त्यांना सगळे मात्राबाई म्हणत. कधीकाळी एका गहाळ मात्रेसाठी त्यांनी चालू मशीन बंद करायला लावलं होतं, तेव्हापासूनचं हे नाव. एकतीस वर्षं प्रुफं तपासून बाईंचा स्वभावच तसा होऊन बसला होता. छापलेल्या कशावर त्यांचा विश्वास नव्हताच, हळूहळू तो बोललेल्यावरूनही उडाला. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा त्या हातात पेन्सिल घेऊन वाचत.

अशा बाईपासून काही लपवणं म्हणजे खायचं काम नव्हे. आणि सध्या घरात काहीतरी लपवलं जातंय याची बाईंना खात्री होती. नवरा दोन महिने अंथरुणाला खिळला होता. त्याचं कपडे शिवायचं दुकान, म्हणून तो जगाचा मास्तर आणि बाईंचाही मास्तरच. त्याच्या पोटातल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. रिपोर्ट आठ दिवसांत यायचा होता. दहावा दिवस उजाडला तरी पत्ता नाही. विचारलं तर लेक म्हणे, लॅबचं मशीन बिघडलंय. फोन वाजला की लेक गॅलरीत जाई. बाई खोलीत शिरल्या की बापलेकीचं बोलणं एकदम उकाड्यावर घसरे. कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यातच लेकीने वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणून दिली.

"वाच जरा, आई. मन रमेल."

"माझं मन रमवायची तुला एवढी घाई का?"

"अगं, प्रत्येक गोष्टीत कसला संशय घेतेस!"

बाईंनी संशय घेतला आणि पुस्तकही घेतलं. मास्तरच्या उशाशी बसून पहिल्या चाळीस पानांत तेरा चुका काढल्या आणि त्यांना जरा बरं वाटलं. गोष्ट होती नदीवर नाव चालवणाऱ्या दोन बहिणींची. धाकटी एक दिवस वल्हं ठेवून निघून जाते आणि थोरली तिची वाट बघते. पुढे कधीतरी बाईंनी मान वर केली तेव्हा पेन्सिल पलंगाखाली गेली होती आणि ऐंशी पानं खुणेविना उलटली होती. बाई दचकल्याच. ऐंशी पानांत एकही चूक नाही, हे शक्यच नव्हतं. म्हणजे त्या चक्क वाचत होत्या! लहानपणी जिन्याखाली बसून वाचायच्या, हाका ऐकू यायच्या नाहीत, तशा. एकतीस वर्षं त्यांनी नुसतं तपासलं होतं. त्यांना इतका आनंद झाला की त्याची लाजच वाटली.

"एकटीच काय हसतेस? मलाही वाचून दाखव," मास्तर म्हणाला.

बाईंनी घसा खाकरला. "धाकटीने वल्हं खाली ठेवलं स्वल्पविराम मागे वळून पाहिलं आणि ती चालू लागली पूर्णविराम नवा परिच्छेद."

छापखान्यात एकाने असं मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने प्रूफ ताडून बघायचं, अशी रीत. मोठ्याने वाचणं बाईंना तेवढंच माहीत. मास्तर हसता हसता खोकू लागला. "अगं, ती घर सोडून चाललीये की तार पाठवतेय?"

मग रोज दुपारी वाचन सुरू झालं. विराम हळूहळू गळाले. बाई थोरलीचा आवाज काढू लागल्या, नावेबरोबर डोलू लागल्या. पाचव्या दुपारी मास्तर मध्येच म्हणाला, "धाकटी परत येते का गं? शेवटचं पान बघून आत्ताच सांग ना."

बाई थबकल्या. साध्या झग्यासाठी गिऱ्हाइकाला महिनाभर तंगवणारा माणूस. उतावीळपणा त्याच्या रक्तात नव्हता. त्यांनी पुस्तक मिटलं.

"मास्तर, रिपोर्ट कुठे आहे?"

त्याने गादीखाली हात घालून कागद काढला. तारीख सात दिवसांपूर्वीची होती.

"माझ्यापासून का लपवलंत?"

"तू त्यात चूक काढली असतीस. नाव चुकलंय, वय चुकलंय, म्हणजे हा दुसऱ्याच कुणाचा तरी, असं म्हणाली असतीस. मग मीही आशा धरून बसलो असतो."

बाईंनी पलंगाखालून पेन्सिल काढली. रिपोर्ट अक्षर अक्षर लावून वाचला. मग कसलेले प्रूफवाले वाचतात तसा उलटा, शेवटच्या शब्दापासून पहिल्यापर्यंत. नाव बरोबर होतं, वय बरोबर होतं. सोबत टाचलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे रोग यकृतापर्यंत पसरला होता, शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता, महिने थोडे होते. आयुष्यात पहिल्यांदा बाईंना चूक हवी होती आणि त्या कागदांत एक टिंबसुद्धा चुकलेलं नव्हतं. त्या रडल्या, लेकीला नाही नाही ते बोलल्या, मग तिलाच मिठी मारून पुन्हा रडल्या.

दुसऱ्या दुपारी त्या पुस्तक घेऊन बसल्या.

"शेवट सांगणार नाही. मीही बघितलेला नाही. दोनशे पानं उरलीत, रोज चार वाचेन. त्याहून जास्त मागायची नाहीत."

मास्तरने बोटांवर हिशेब केला. दोनदा केला.

"चार नको," तो म्हणाला. "दोनच वाच."